पैऱ्याला न आलेली माणसं

"फोन लावा मावशी. स्पीकरवर ठेवा, आम्हालाही ऐकू दे," पाहुणा म्हणाला. मी त्याच्या पानात भात वाढत होते.

तो पुण्याच्या एका कंपनीचा साहेब. आपली माणसं घेऊन अणशीकडच्या रिसॉर्टवर सुट्टीला आलेला. मी तिथं स्वयंपाकाला होते. कुठली खोली कुणाला दिली, ती कधी रिकामी होणार, हे सगळं ज्या प्रोग्रॅममध्ये ठेवतात, तो त्याच कंपनीनं आमच्या मालकाला विकलेला. नेमका जेवणाच्या वेळी तो अडकला. मालकानं हसत सांगून टाकलं, मूळचा हा प्रोग्रॅम आमच्या ह्या अक्काच्या पोरीनं लिहिलाय.

खरं होतं ते. माझी दीपा दांडेलीत कॉम्प्युटर शिकली. आमच्या जंगलात रेंज येते आणि जाते. म्हणून नेट नसतानाही चालेल असा प्रोग्रॅम तिनं लिहिला आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कुणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा. कंपनीनं घेतला. वर आपलं नाव घातलं. बिघडला की मात्र दीपालाच कळवतात. आणि दीपा दिवसभर रामनगरला झेरॉक्सच्या दुकानात उभी असते. पोट त्यावर चालतं.

मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी त्या दिवशी विचारलं, "तिला ह्याचं काय मिळतंय, साहेब?"

साहेब मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, तिचं नाव होतंय. हे सेवेचं काम असतं. त्यात पैसा आणायचा नसतो."

"चौथी शिकलेली हाय अक्का, सर. तिला कुठं समजावत बसताय," मालक म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. तेच अजून टोचतं. हसले, आणि फोन लावला.

"आई, गिऱ्हाइकं उभी हाईत गं," दीपा म्हणाली. ते सगळ्या टेबलानं ऐकलं. एका बाईनं तिच्या बोलण्याची नक्कल केली. साहेबानं फोन ओढून घेतला आणि इंग्रजीत लाडंलाडं बोलला. मी ताटं उचलेपर्यंत प्रोग्रॅम चालू झाला. साहेबानं मला एक टी-शर्ट दिला, कंपनीचं नाव छापलेला. पोरीसाठी म्हणाला.

घरी कळलं, काम टाकून लॅपटॉप घेऊन बसली म्हणून दुकानदारानं दीपाला गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं. मी त्या लोकांना चोर म्हटलं. ती म्हणाली, "चोरी न्हाई आई. मीच दिलंय. तू कंदाचं बी वाटतीस तसं."

बी आम्ही वाटतो. त्याचे पैसे कुणी मागत नाही. पण लावणीचं तसं नाही. लावणीला आम्ही पैऱ्यानं जातो. आज मी तुझ्या चिखलात, उद्या तू माझ्या. जो हात घेतो आणि हात देत नाही, त्याच्या शेतात पुढच्या वर्षी कुणी उतरत नाही. भांडण नाही, तक्रार नाही. नुसतं कुणी जात नाही. प्रोग्रॅम हे बी असेल. पण दर बिघाडाला कमरेत वाकून तो उभा करणं, ही लावणी आहे. ती माझी पोर एकटी करते.

सकाळी नाश्त्याला प्रोग्रॅम पुन्हा अडकला. मालकानं माझाच फोन उचलून माझ्यापुढं धरला. "लाव."

"न्हाई लावणार."

"का गं?"

"तिच्या पैऱ्याला तुमी कधी आलाय?"

साहेबाला शब्द कळला नाही. मालकाला चांगला कळला. तो खाली बघत म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

मी घरी पोचायच्या आत त्यांनी थेट दीपाला गाठलं होतं. तिनं दुरुस्त करून दिलं. वर माझ्यावरच चिडली, माझ्या कामात न्हाई म्हणणारी तू कोण, म्हणाली. तिला ते काम आवडतं, आणि ते लोक तिचं आवडणंच ओढून नेतात.

माझं काम गेलं. त्यांचा प्रोग्रॅम चालू आहे. त्या टी-शर्टनं मी चूल पुसते.

दीपानं तिचं बी उघडंच ठेवावं. मी कुलूप लाव म्हणणार नाही. पण ती लॅपटॉप उघडून बसली की मी दारात उभी राहून विचारणार, पैऱ्याला कोण आलं? ती चिडली तरी विचारणार. आणि माझ्या तोंडून तिला फुकट राबायला बोलावणं जाणार नाही. हसून तर नाहीच.