झालं न्हाई, केलं

"तुमच्या बाबतीत जो प्रकार झाला..." मी एवढंच म्हणाले होते. समोर बसलेल्या मुलीनं हात वर करून मला थांबवलं. अर्धा चेहरा पट्ट्यांनी झाकलेला, एक डोळा बंद, ओठ नीट हलत नव्हते. तरी बोलणं स्पष्ट होतं.

"झाला न्हाई, वकीलताई. केला. पाऊस हुतो, ताप हुतो. ह्ये कुणीतरी केलंय."

भोरच्या माझ्या ऑफिसात मंगलची आणि माझी झालेली ही पहिली भेट. माझ्या बोलण्यातलं एक क्रियापद तिनं दुरुस्त केलं आणि पुढची सगळी वर्षं ती हेच करत राहिली. पोलीस असोत, डॉक्टर असोत की नातेवाईक, 'झालं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिनं 'केलं' म्हणायला लावलं.

मंगल हिर्डोशीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. घरी भात, नाचणी आणि दोन म्हशी. बारावी झाल्यावर ती भोरला कॉलेजात येऊ लागली होती. वाडीतल्याच एका टेम्पोवाल्यानं तिला मागणी घातली. तिनं वडिलांना, बाबूतात्यांना, सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. बाबूतात्यांनी तसा निरोप दिला. एका सकाळी ती एसटीची वाट बघत रस्त्याला उभी असताना तो टेम्पोतून उतरला आणि बॅटरीत घालायचं ॲसिड त्यानं तिच्या तोंडावर ओतलं. 'फेकलं' नाही, 'ओतलं'. इतक्या जवळ येऊन.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्या बाया उशाशी बसून हळहळायच्या. "असं तोडून न्हाई म्हणायला नको हुतं गं." मंगल सांगायची, "म्या न्हाई म्हणलं तवा त्याचं काय जळालं, ते दावा मला."

पुण्याच्या कोर्टात साक्ष झाली तेव्हा मी सरकारी वकिलांच्या मदतीला होते. आरोपीचे वकील म्हणाले, "दुर्घटना घडली त्या वेळी तुम्ही..." मंगल पिंजऱ्यातूनच म्हणाली, "साहेब, दुर्घटना एसटीची हुत असती. ह्यो हल्ला केलाय." न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि लेखनिकाला 'हल्ला' असं लिहायला सांगितलं. गुन्हा शाबीत झाला, जन्मठेप लागली. परतताना नसरापूरला आम्ही चहाला उतरलो. बाबूतात्या उपरण्यात तोंड लपवून रडत होते. हॉटेलवाला किटली हातात धरून मंगलकडे बघतच राहिला होता. ती म्हणाली, "बघून घ्या दादा सावकाश, पण चहा गार हुतोय." मग ती खळखळून हसली. एवढी मोकळी हसलेली मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर शेजारच्या वाडीत अंगणवाडी सेविकेची जागा निघाली आणि तिनं अर्ज केला. निवड झाली, तर काही पालक अडून बसले. पोरं भितील म्हणाले. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीनं विचारलं, "बाई, तुमच्या तोंडाला काय झालं?" मंगलनं तिला जवळ बसवलं. "झालं न्हाई बाळा, एका माणसानं जाळलं. आता दुखत न्हाई. चल, गाणं म्हणू." थोड्याच दिवसांत पोरं तिच्या मांडीवरून उतरेनात. पालकांची कुरकुर मात्र बराच काळ चालली.

इकडे आरोपीनं वरच्या कोर्टात अपील केलं होतं. अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला. तो वाडीत परतला. पाठोपाठ त्याचं लग्न झालं. वरात मंगलच्या दारावरून गेली, बँजो वाजत होता, आणि ती दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसून राहिली. वरातीतल्या माणसांनीच माना खाली घातल्या. नंतर त्याला मुलगी झाली.

अपिलाचा निकाल आला तो मी तिला माझ्या ऑफिसात वाचून दाखवला. गुन्हा कायम होता. जन्मठेपेची मात्र दहा वर्षं झाली होती, म्हणजे कायद्यात याहून कमी देताच येत नाही तेवढी. कारणं अशी: आरोपी तरुण होता, आधीचा गुन्हा नाही, वृद्ध आईवडील, पत्नी आणि लहान मूल त्याच्यावर अवलंबून आहेत. शेवटचं कारण असं की, पीडिता आता नोकरी करत असून समाजात पुन्हा उभी राहिली आहे.

"परत वाचा," ती म्हणाली. मी वाचलं.

"म्हंजी म्या घरात तोंड झाकून रडत पडले असते, तर त्याला जास्त लागली असती?"

तिनं निकालाची प्रत माझ्या हातून ओढून घेतली.

"आन् त्याची बायको कवाची? त्यानं मला जाळलं तवा हुती का ती? जामिनावर सुटून लगीन केलं, पोर काढलं, आन् त्येच कोर्टाला दावलं! माझं लगीन कुठंय, ह्ये कुणी इचारलं का?"

शिक्षा किती द्यायची हे ठरवण्याची मोकळीक न्यायाधीशाला असावी, असं मी आजही मानते. दोन गुन्हे सारखे नसतात. पण तराजूत काय घालायचं याला काही धरबंध हवा की नको? गुन्ह्यानंतर थाटलेला संसार गुन्हेगाराच्या पुण्याईत धरायचा? आणि जळलेल्या पोरीनं दात-ओठ खाऊन जे उभं केलं, तेही त्याच्याच पारड्यात?

त्यात आणखी एक जखम मलाच तिला सांगावी लागली. शिक्षा कमी पडली म्हणून पीडितेला स्वतः अपील करता येत नाही, ते सरकारनं करायचं असतं. आम्ही सरकारकडे अर्ज दिला, हेलपाटे घातले. उत्तर आलं, प्रकरण अपिलास योग्य वाटत नाही. बाबूतात्या थकले होते. म्हणाले, "जाऊ दे पोरी, झालं गेलं." मंगलनं त्यांच्याकडे पाहिलं. "तात्या, तुमी बी?" म्हाताऱ्यानं तिचा हात धरला. "चुकलो. केलं. लढ तू."

मग आम्ही त्याहून वरच्या कोर्टात, तिला स्वतःला अपील करू द्यावं म्हणून, खास परवानगी मागितली. अर्ज दाखल आहे. तारीख लागलेली नाही. तो तुरुंगात परत गेला आहे.

मागच्या महिन्यात मी तिच्या अंगणवाडीत गेले होते. खिचडी वाढून झाली होती. एक तीनेक वर्षांची मुलगी मंगलच्या पदराला धरून बसली होती आणि मंगल तिला भरवत होती. पोरगी घास तोंडात धरून मंगलच्या गालावरच्या व्रणावर बोट फिरवत होती.

"कुणाची गं?" मी विचारलं.

"त्याचीच," मंगल म्हणाली. "आई घिऊन आली हुती. दारात उभी, आत येईना, जाईना. म्हणली, बाई, घ्याल का? म्या म्हणलं, आधार कार्ड आणलंय का?"

मी म्हणून गेले, "मंगल, मन फार मोठं आहे तुझं."

तिचा हात थांबला. पोरीचं तोंड पुसून तिनं तिला खेळायला पाठवलं. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या त्या एका डोळ्यात असा राग मी भर कोर्टातही पाहिला नव्हता.

"आसं कुटं बोलू नका, ताई. फुडच्या निकालात ते बी त्याच्याच बाजूनं लिवतील. पोर भुकेजलेली हुती, म्हून भरवलं. त्याला म्या माफ केलेलं न्हाई. एवढं मातुर वरच्या कोर्टाला नीट सांगा."