फ्लेमिंगोच्या चोचीवरील हरकत

पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिताना मी एक नियम कटाक्षाने पाळतो: जागा स्वतः पाहिल्याविना हरकतीला उत्तर लिहीत नाही. एकदा कोन गावची एक शिल्पकार मुलगी आली. लोक संगणकातल्या आभासी जगातही प्लॉट घेतात, असे तिच्याकडून कळले. तिथे तिने खाडीतल्या प्लॅस्टिकच्या फोटोंतून भलाथोरला फ्लेमिंगो उभारला होता. तिथल्या शेजारच्या प्लॉटवाल्याने हरकत घेतल्यामुळे ते जग चालवणारी कंपनी तो संध्याकाळी पुसणार होती.

"स्थळपाहणी करावी लागेल," मी म्हणालो.

तिने माझ्या डोळ्यांवर ते जग दाखवणारा जाड चष्मा चढवला. चतुःसीमा पाहण्यासाठी मी वळलो आणि चहावाल्याच्या बाकड्यावर आदळलो. तोच समोर शेजारी अवतरला, निळ्या रोबोच्या रूपात.

"तुमी कोन?"

"अर्जनवीस. आपली हरकत काय?"

"मी जासईचा हाय. पक्ष्याची चोच माज्या दारात येते. नुसता कचरा दिसतो."

"तुमच्याच खाडीतला आहे, दादा," मोबाइलवरून ऐकणारी मुलगी म्हणाली.

वाद चिघळण्यापूर्वी मी तिला पक्षी उलटा फिरवण्यास फर्मावले. आता रोबोच्या दारात शेपटी आली.

"आपल्या हरकतीत शेपटीचा उल्लेख आहे काय?" मी विचारले.

रोबोने शेपटी खालून वर न्याहाळली. "नाय," तो म्हणाला. "तुमी लय बेरकी हाव." त्याने हरकत मागे घेतली. शिल्प वाचले.

प्रथेप्रमाणे त्याचा अंगठा घेण्यासाठी मी शाईचे पॅड पुढे केले आणि हाती लागलेला अंगठा त्यावर दाबला. चष्मा उतरल्यावर पाहिले, तर चहावाला शाईने माखलेला अंगठा पुसत होता.