पडद्यामागची खुर्ची

त्या माहितीपटाची आठवण निघाली तरी अजून माझे पाय दुखतात.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सोनपेठला मास्तर होतो आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्या सारंगियाकडं सारंगी शिकत होतो. उस्ताद मूळचे हैदराबादचे. कोण्या देशमुखाच्या मैफलीला म्हणून आले ते इथंच राहिले, तीस वर्षं परत गेले नाहीत. आता काचबिंदूनं त्यांची नजर चालली होती आणि डॉक्टरनं हात टेकले होते.

एकदा मानवतला तंबूतला सिनेमा पाहून आलो आणि उगाच फुशारकी मारली, "उस्ताद, तुमचं हैदराबाद बघून आलो!" खरं तर सिनेमाआधी सरकारी माहितीपट लागला की आम्ही सगळे बिडी ओढायला बाहेर. त्या दिवशीचा हैदराबादवर होता; मी आत शिरलो तेव्हा शेवटची गल्ली तेवढी दिसली, एक कमान आणि पुढं मशीद. म्हाताऱ्यानं माझं मनगटच धरलं.

"कमान? मग ती आमचीच गल्ली. मास्तर, डोळे हाईत तवर एकदा दाखवा."

झालं! आपलेच दात आन् आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

मानवतचा तंबूवाला म्हणाला, रीळ जिंतूरला गेलं. जिंतूरचा म्हणाला, चारठाण्याला. चारठाण्यात तंबूच्या खुंट्यांचे खड्डे तेवढे उरले होते. चार महिने रविवार एसटीच्या धक्क्यांत गेले. बायको म्हणाली, "त्या रिळाच्या डब्याशीच लगीन लावा एकदाचं." शेवटी परभणीच्या प्रसिद्धी कचेरीत ऑपरेटरनं कपाट उघडलं आणि धुळीखालून डबा काढला. त्याच कचेरीच्या दारावरून मी तीनदा गेलो होतो. मला आनंद व्हायला हवा होता, पण नुसता बाकावर बसून राहिलो.

"बाजाराच्या दिवशी आमची सिनेमाची गाडी सोनपेठला हाय," तो म्हणाला. "एकदाच लावीन. मग रीळ औरंगाबादला परत."

शाळेच्या मैदानात पडदा बांधला. आमच्याकडं पडद्याच्या दोन्ही अंगांनी माणसं बसत. पुढं धूळ आणि ढकलाढकली, मागं बाया आणि म्हातारी माणसं, निवांत. मी हेडमास्तरांची खुर्ची उचलून आणली आणि उस्तादांना मागं, पडद्याच्या अगदी जवळ बसवलं. त्यांनी ठेवणीतली शेरवानी घातली होती. चांगला मान ठेवला म्हणून मीच खूश.

गल्ली आली. उस्ताद पुढं झुकले. मग हळूच मागं टेकले आणि डोळे मिटून घेतले.

"न्हाई मास्तर. आमच्या कमानीतून शिरलं की मशीद डाव्या हाताला. ही उजवीकडं हाय. दुसरीच कुठली तरी गल्ली. तुमाला उगं तरास दिला."

मला इतका शीण आला की रडूसुद्धा येईना. त्यांना घरी सोडून खुर्ची न्यायला परत आलो, तर ऑपरेटर पडदा सोडत होता.

"म्हाताऱ्याला मागं कशाला बसवलं हो? मागून समदं उलटं दिसतंय की!"

मला का ठाऊक नव्हतं? जन्मभर पाहत आलो. पण हिरो डावखुरा दिसला म्हणून कुणाचं काय अडतं? दुकानांच्या पाट्या उर्दूत, त्या मला सुलट्याही वाचता येत नाहीत, आणि उस्तादांच्या नजरेला अक्षरं कुठली दिसायला? पुन्हा लाव म्हणून मी त्याच्या पाया पडलो. त्यानं जनरेटर गाडीत चढवला होता. "डिझेल संपलं," म्हणाला आणि गेला.

सकाळी उस्तादांकडं जाऊन सगळं सांगितलं. ते उठून बसले.

"म्हणजे आमचीच होती? या अल्ला! आमचीच!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मग चाचपडत त्यांनी माझा हात शोधला. "मी येड्यानं डोळे मिटले. तुमी बघितलं ना? मशिदीला लागून जिना, जिन्यावर आमचं दार. सांगा मास्तर, दार उघडं होतं का बंद?"

गल्ली आल्यापासून मी पडद्याकडं बघितलंच नव्हतं. त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"उघडं होतं, उस्ताद," मी म्हणालो.