आत्यांचं निरांजन आणि लालबुंद मामा

मागच्या साली आमच्या घरचे देव आठ दिवस मिट्ट काळोखात बसले होते, आणि त्यांना तसं बसवणारा मीच.

झालं असं, की आत्यांची पंच्याहत्तरी आली. आत्या इथं तेरला आमच्याकडंच असतात. त्यांच्या ट्रंकेत एक स्लाईड सापडली. बोटभर चौकटीतली रंगीत फिल्म, त्यात येरमाळ्याच्या यात्रेत उभे आत्या आणि मामा (त्यांचे यजमान, आता नाहीत). मामांच्या मित्रानं काढलेला, दोघांचा मिळून तेवढाच एक फोटो!

"हे भिंतीवर लागंल का रं?" आत्या म्हणाल्या. "पंच्याहत्तरीला ते बी घरात पाहिजेत."

"लागंल म्हणजे? मी स्वतः छापतो!"

"मोबाईलनं फोटो काढा, धाराशिवहून प्रिंट आणा. संपलं," मंगल, म्हणजे आमची बायको, म्हणाली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून हौसेनं घरीच अंधारात फोटो धुणाऱ्या माणसाला हे सांगणं! मी दुर्लक्ष केलं.

चौकशी केली तर स्लाईडवरून छापायचा खास कागद कंपन्यांनी बंद केलेला. मला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या! आता पर्याय शोधायचा! निगेटिव्हवरून छापायचा साधा कागद मागवला, बिनखिडकीच्या देवघरात एनलार्जर (फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडायचं यंत्र) मांडला, पुरणाच्या पराती रसायनासाठी ढापल्या. ("त्या पराती आता परत चुलीकडं आणायच्या न्हाईत," मंगल.) पहिला फोटो बाहेर आला तो सगळे रंग उलटे होऊन. मामा निळे, आत्यांचे काळेभोर केस पांढरेफेक!

"आत्ताचीच दिसतीय की मी," आत्या म्हणाल्या.

मग खरी युक्ती सापडली. कागद अंधारात आधी काळ्या-पांढऱ्याच्या रसायनात घालायचा, मग त्याला उजेड दाखवायचा, मग रंगाच्या रसायनात. रंग सुलटे! मी देवघरात नाचलो. (एक परात सांडली.)

पण दुपारभर लाईट गायब असायची, यायची संध्याकाळी. आणि तिन्हीसांजेला आत्या निरांजन घेऊन हजर! दार उघडलं, उजेड आत, कागद वाया गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

"आत्या, उजेड नको!" मी बोंबललो.

"देवाला अंधारात ठेवतोस? लई शिकलास!"

शेवटी एकच कागद उरला आणि पाहुणे उद्यावर आले. मी आतून दाराला पाठ लावून बसलो. आत्या बाहेरून दार ठोकत होत्या. इकडं पहिलं रसायन झालं. आता उजेड! बटण दाबलं. लाईट गेलेली! आणि मोबाईल तर उजेडाच्या भीतीनं मीच घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लावलेला.

"आत्या! निरांजन आणा! पळा!"

बाहेरून आत्या, "फसवतोयस. कालच बोंबललास न्हाय का?"

"देवासमोर बसून शपथ घेतो!"

मी दार उघडलं. आत्या आल्या, परातीवर निरांजन धरून चांगली पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग कागद रंगाच्या रसायनात टाकला आणि दोघं कागदावर उमटू लागले. पण मी एनलार्जरला रंगांचे फिल्टर चुकीचे लावले होते. मामा लालभडक! एवढ्या माणसांत आत्यांना काय तोंड दाखवणार?

आत्या वाकून बघत राहिल्या. आणि एकदम हसत सुटल्या.

"अगं बाई! हेच ते! बांगड्यांच्या दुकानात म्या तासभर लावला, त्यांचा मित्र फोटोसाठी ताटकळला, तवा अस्सेच लालबुंद झालते!" हसता हसता त्या पदरानं डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी आत्या प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून भिंतीपाशी नेत होत्या.

"लाईट नव्हती. माझ्या निरांजनावर काढलाय म्या फोटो!"

"व्हय? मग सरांनी काय केलं?"

"ह्यानं?" आत्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यो दार अडवून बसला होता!"