लंकाबाईनं थांबवलेला दहावा

लंकाबाईच्या तोंडी लागू नये, हे आमच्या आहुप्याकडच्या वाड्यांत शेंबडं पोरही सांगेल. पण बाळंतपण अडलं की हाक तिलाच. चाळीस वर्षं ही सुईण शिव्या देत यायची आणि बाळाला आंघोळ घालूनच जायची.

गेल्या साली लग्नाला निघालेली जीप घाटात कोसळली. सहा जण गेले. त्यात लंकाबाईचा पोरगा रामनाथ होता आणि जीप चालवणारा गोरखही. झालं! एवढी माणसं कोंबलीच कशी म्हणून गावानं सगळं खापर गोरखवर फोडलं.

दहावा एकत्रच केला. ओढ्याकाठी पाच पिंड एका ओळीत मांडले आणि गोरखचा लांब, जांभळीखाली. तिथं त्याची बायको वैजयंती, पोरगी समृद्धीला घेऊन एकटीच बसली. खोटं कशाला बोलू, तसं मांडायला मीही मान डोलावली होती.

पाच पिंडांना कावळे शिवले. गोरखच्या पिंडाकडे एकही फिरकेना. "पाप आडवं आलं," भिका म्हणाला. त्याची बायको त्याच जीपमध्ये गेली होती. लोक जेवायला उठले. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तो पिंडाला लावायचा आणि मोकळं व्हायचं.

"ठेवा तो दर्भ!" लंकाबाई कडाडली. "कुणी उठायचं न्हाई! गोरख नको म्हणत व्हता. 'जागा न्हाई मावशे, दुसरी खेप करतो,' म्हणाला. मीच रामनाथाला आत ढकलला. तुमी बी आपापली माणसं ढकलली. सांगा की आता!"

म्हातारीनं जांभळीखाली फतकल मारली. "गोरख, चुकी माझी, लेकरा. याच हातांनी तुला जगात आणला. असा खोट्या बोलाचा धनी करून कसा धाडू?"

एकेक जण परत खाली बसला. मीही बसलो, मान खाली घालून. ऊन चढलं, भात गार झाला. शेवटी भिका उठला आणि पिंडापुढं हात जोडून म्हणाला, "गोरखभाऊ, मीच बायकोला दाटून बसवली व्हती. तुझी समृद्धी माझ्या पोरीसंगं शाळेत जाईल. मी नेईन. जा आता."

कावळा जरा वेळानं आला. भातासाठी आला असेल, मला काय ठाऊक! पण दहा दिवसांत वैजयंती तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली, आणि गावच्या बायांनी तिला पोटाशी धरली.

आता रोज सकाळी भिकाच्या मोटारसायकलवर दोन पोरी शाळेला निघतात. ओट्यावरून लंकाबाईचा आवाज येतोच, "हळू चालव, मेल्या! आमच्या पोरी हायत!"