काकांच्या बारीक तारा

माझ्या मेहुणीचे सासरे कुणाच्याही घरी गेले, तरी त्या घरातली एकही ताणलेली वस्तू छेडल्याशिवाय परत येत नाहीत. आम्ही त्यांना काका म्हणतो. आमच्या ठाण्याच्या घरी आले की आधी बाल्कनीतली कपड्यांची दोरी टिचकीने वाजवून पाहतात, "ढिली आहे" म्हणतात आणि मगच पाण्याचा पेला उचलतात. मेहुणीच्या मुलाच्या बारशाला त्यांना पाळण्याची एक दोरी दुसरीपेक्षा चढी वाटली. नाव ठेवायला बायका खोळंबलेल्या आणि हे गाठी सोडून बसलेले. बाळ तेवढ्यात झोपून गेलं.

हे सगळं मॅन्डोलिनमुळे. शहाडच्या कारखान्यात नोकरी करता करता काका कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात मॅन्डोलिन वाजवायचे, तेही बाजारात मिळतील तितक्या जाड तारा लावून. बारीक तारा म्हणजे त्यांच्या मते पाणी घातलेलं वरण. त्या जाड तारा दाबून दाबून डाव्या हाताची बोटं इतकी निबर झाली की तव्यावरचा फुलका ते चिमट्याशिवाय उलटत आणि वर आम्हा पाहुण्यांकडे बघत.

गेल्या वर्षी त्याच बोटांना संधिवाताने धरलं. तार दांडीवरच्या धातूच्या पडद्यावर दाबेना. मॅन्डोलिन खोळीत गेलं. मग एकदा ते आमच्याकडे आले, कपड्यांच्या दोरीखालून मान वाकवून गेले आणि तिला हातही लावला नाही. मला खरी भीती वाटली ती तेव्हा. मी चाचरत बारीक तारा सुचवल्या, तर त्यांनी विषय त्यांच्या टिटवाळ्यातल्या पाणीकपातीवर नेला.

एका रविवारी सकाळी फोन आला, "पाहुणे, या जरा. कुणाला बोलू नका." टिटवाळ्याला पोचलो तर बारीक तारा गुपचूप आणून ठेवलेल्या. एक जोडी काढायची की तिथे लगेच नवी लावायची, कारण तारांखालचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो. आठही तारा चढल्या आणि वाद्य डबीत माशी कोंडल्यासारखं झणझणायला लागलं. माझा चेहरा पडला, काकांचा उजळला. "होणारच. ताण कमी झाला, मॅन्डोलिनची मान मागे गेली. तारा पडद्यांना घासतायत." त्यांनी ब्रिजखालची चाकं फिरवून तो उचलला, सूर जुळेपर्यंत पुढेमागे सरकवला. मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यातल्या खाचा जाड तारांच्या मापाच्या, त्यांत नव्या तारा खुळखुळत होत्या. त्या भरायला गोंदाबरोबर खायचा सोडा लागला, तो काकूंनी वाटीत आणून दिला. खाचा पुन्हा कोरून होईपर्यंत काका अखंड बोलत होते. इतके महिने गप्प असलेल्या माणसाची ती बडबड ऐकून मलाच भरून आलं.

दुपारी त्यांनी एक जुनं गाणं घेतलं. बोटं चालली. सगळं सुरात होतं, पण आवाज नाजूक. काका मध्येच थांबले.

"हे आत स्वयंपाकघरात ऐकू जायचं नाही," ते म्हणाले.

जाड तारांचा हट्ट कुणासाठी होता, ते मला तेव्हा कळलं.

काकूंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "मग मी इथे बसते. वाजवा."

उभा संसार भिंतीआडून ऐकणाऱ्या काकूंना अशा समोर बसलेल्या पाहून ऑर्केस्ट्रावाले काका चक्क बुजले. पहिल्याच ओळीला सूर चुकला. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला घेतलं.