मधली सरळ रेघ

त्रिवेणी बिरादार आणि मी हैदराबादच्या जामबागेतल्या एकाच कॉलेजात शिकवत होतो. ती भौतिकशास्त्र, मी मराठी. माझ्या वर्गात मुलं मोजकीच, त्यातल्या निम्म्यांना मराठी बोलता यायचं पण वाचता यायचं नाही. म्हणून स्टाफरूममध्ये बसायला मला वेळ भरपूर मिळायचा, आणि समोरच्या टेबलावर बहुतेक वेळा त्रिवेणी लॅपटॉपात डोकं घालून बसलेली असायची.

ती देगलूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन नल्लकुंट्याला आली. तिचे यजमान युवराजराव, त्यांचं कोठी भागात पाठ्यपुस्तकांचं दुकान. मुलगी निशिगंधा नोकरीला लागली आणि मग कुठे शेहेचाळिसाव्या वर्षी त्रिवेणीने पीएचडीला नाव घातलं. तिचे मार्गदर्शक डॉ. हर्षद आगाशे तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पुण्याहून हैदराबादला आलेले. ती त्यांना सर म्हणायची, ते तिला मॅडम.

विषय काय, असं मी एकदा विचारलं. तिने मला कळेल असं सांगितलं.

"सूर्यापासून कायम एक वारा सुटलेला असतो, विद्युतभारित कणांचा. त्या वाऱ्याने सगळ्या ग्रहांभोवती एक प्रचंड फुगा फुगवलाय. आकाशगंगेतून वैश्विक किरण येतात, त्यातले पुष्कळसे त्या फुग्याला अडून परत जातात. मूळचे किती आहेत ते मोजायचं तर फुग्याच्या बाहेर जायला पाहिजे."

"मग गेलंय कोणी?"

"दोनच. व्हॉयेजर नावाची दोन यानं. सत्त्याहत्तर साली सोडलेली. पहिलं यान दोन हजार बारा साली बाहेर पडलं, दुसरं अठरा साली. अजून आकडे पाठवतात."

तिचं काम पहिल्या यानाच्या आकड्यांवर होतं. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की त्याचा दणका वर्षभराहून जास्त प्रवास करत त्या फुग्याच्याही पलीकडे पोचतो, आणि तो पोचला की तिथले वैश्विक किरण थोडे कमी होतात. एवढं आधीपासून माहीत होतं. त्रिवेणीला दिसलं ते वेगळंच होतं: दणका यायच्या काही दिवस आधीपासूनच किरण कमी व्हायला लागतात. अशा सहा घटना तिने एकत्र करून दाखवल्या. त्यावर तिने आणि आगाशे सरांनी एक शोधनिबंध लिहून बाहेरच्या नियतकालिकाकडे पाठवला. सातवी घटना मिळाली तर प्रबंधाचा शेवटचा भाग पक्का होणार होता.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये यान बरळायला लागलं. म्हणजे संदेश येत होता, पण त्याला काही अर्थ नव्हता. एकाच गोष्टीची पुन्हापुन्हा घोकंपट्टी केल्यासारखा. यानाच्या संगणकातला कुठलातरी तुकडा निकामी झाला होता. दुरुस्त करायचं तर इथून पाठवलेली सूचना तिथे पोचायला बावीस तासांहून जास्त, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढेच.

"काही आलं का?" मी रोज विचारायचे.

"नाही."

जानेवारीत मी विचारणं सोडलं. तिचा चेहराच सांगायचा. तिची नोंदणी ऑगस्ट २०२४ अखेर संपत होती. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि पीएचडीशिवाय ती मिळणार नव्हती. तिच्या वर्गातली मुलं म्हणायला लागली, बिरादार मॅडम फळ्यावर गणित अर्धं सोडून खिडकीकडे बघत राहतात.

मार्चमध्ये शोधनिबंध स्वीकारल्याचं कळलं. सहा घटनांवरच. युवराजरावांनी दुकानात सगळ्यांना बिर्याणी खाऊ घातली. मला म्हणाले, "ताई, आता हिला सांगा, यान बोलो या न बोलो, आपलं काम झालं."

पण ते बोललं. आधी नुसती यानाच्या तब्येतीची माहिती, मग दोन उपकरणांचे आकडे, आणि जूनमध्ये वैश्विक किरण मोजणाऱ्या उपकरणाचेही. त्याच आठवड्यात शोधनिबंधाची छापायच्या आधीची अखेरची प्रत तपासायला आली. ती मंगळवारी परत पाठवायची होती.

रविवारी दुपारी त्रिवेणीने नवे आकडे आपल्या प्रोग्रामात घातले. निशिगंधा तिच्या मागे उभी राहून बघत होती. पुढचं सगळं मला त्रिवेणीनेच सांगितलं.

"वा आई, काय क्लीन ग्राफ आलाय! एकपण गॅप नाही."

"गॅप नाही?"

"नाही ना. बघ की, लाइन एकदम कंटिन्यूअस आहे."

त्रिवेणी पडद्याकडे वाकली. सात महिने यान मुकं होतं. त्या सात महिन्यांचा एकही आकडा पृथ्वीवर कोणाकडे नव्हता. आणि तिच्या पडद्यावर नोव्हेंबरपासून जूनपर्यंत एक सरळ, सुबक रेघ होती.

प्रोग्राम तिचाच. पहिल्या वर्षी, शिकता शिकता लिहिलेला. एखाद्या दिवसाचा आकडा नसला तर आधीचा आणि नंतरचा आकडा रेघेने जोडून टाक, अशी त्यात एक सूचना होती. यानाचा आवाज ऐकणाऱ्या पृथ्वीवरच्या अँटेनांना इतरही कामं असतात, त्यामुळे मधले दिवस कायमच गळतात. ती सूचना लिहून ती विसरून गेली होती.

तिने जुन्या सहा घटना एकेक करून उघडल्या. या वेळी रेघा पुसून, फक्त खरे आकडे ठेवून. पहिल्या घटनेत दणका यायच्या आधीचे पाच दिवस गळालेले होते. खरी घट सहाव्या दिवशी एकदम झाली असली, तरी रेघ पहिल्या दिवसापासूनच उतरत येणार. किरण आधी कमी झाले की नाही ते कळायला मार्गच नव्हता, उतरली होती ती तिची रेघ. दुसऱ्या घटनेत तेच. चौथ्या, पाचव्या घटनेतही तेच. उरलेल्या दोन्हींत दिवस गळाले नव्हते, आणि तिथे घट दणक्याबरोबरच सुरू झालेली होती. सहाच्या सरासरीत त्या दोन्ही दबून गेल्या होत्या.

"आई, काय झालं? बोल ना."

"काही नाही. पाणी दे."

सोमवारी ती मला म्हणाली, "माझ्यासोबत चला." कशासाठी ते नीट सांगितलं नाही. विद्यापीठात आगाशे सरांच्या खोलीत मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून सगळं सांगितलं. आवाज शांत होता, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

सरांनी पडद्यावरचे आलेख पुढे-मागे करून पाहिले.

"उद्या प्रत परत पाठवायचीय, मॅडम. आणि तुम्ही हे आज सांगताय?"

"मला काल कळलं, सर."

"तज्ज्ञांनी तपासून पास केलंय ना? गळालेले दिवस असे भरून काढतात लोक. एक ओळ टाकू. 'जिथे आकडे नव्हते तिथे अंदाजे आकडे धरले आहेत.' बस."

"ती ओळ वाचून कोणीतरी विचारेल, मग किरण आधी कमी झाले कशावरून?"

"विचारतील तेव्हा बघू."

बाहेर कोणीतरी कपाट सरकवत होतं, त्याचा कर्कश आवाज येत राहिला. सर उठले, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माझंही नाव आहे त्यावर. पुढच्या महिन्यात माझ्या बढतीची मुलाखत आहे. तुमची मुदत ऑगस्टला संपतेय. निबंध मागे घेतला तर दोघंही बुडू. मला एवढंच म्हणायचंय की घाई करू नका."

मला वाटलं, आता ही काहीतरी ठाम बोलेल. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, सर." लॅपटॉप मिटला आणि उठली.

आम्ही रिक्षाने परत निघालो. बर्कतपुऱ्याच्या चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा तिने एकदम माझा हात घट्ट धरला.

"मी असं कामून म्हणाले?"

तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तिलाही तसं सांगितलं, पण त्याने तिला काही बरं वाटलं नाही.

मंगळवारी पहिला तास संपल्यावर ती स्टाफरूममध्ये आली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच फोन लावला. "सर, मी त्या निबंधावर नाव ठेवू शकत नाही. माझं नाव काढा."

पलीकडून काय उत्तर आलं ते तिने नंतर सांगितलं. "पहिलं नाव तुमचंच आहे. ते काढल्यावर राहतं काय?" एवढं बोलून सरांनी फोन ठेवला होता.

त्या दिवशी तिने पुढचे तास घेतले, पण डबा उघडला नाही. दर थोड्या वेळाने ईमेल उघडून बघायची. मीही वर्ग सुटला की धावत तिच्या टेबलाशी. सरांनी प्रत तशीच पाठवून दिली तर? मग ही काय करणार, परस्पर नियतकालिकाला लिहिणार? आपल्याच मार्गदर्शकाविरुद्ध?

कॉलेज सुटता सुटता ईमेल आला. सरांनी नियतकालिकाला लिहिलं होतं आणि तिला नक्कल पाठवली होती. 'आमच्या विश्लेषणात मूलभूत चूक आढळली असून आम्ही निबंध मागे घेत आहोत.' सबंध दिवस त्यांनी स्वतः मूळ आकडे तपासले होते, हे पुष्कळ नंतर कळलं. ईमेलात तिला उद्देशून एक अक्षरही नव्हतं. त्यानंतर सर तीन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत.

युवराजराव त्या संध्याकाळी मला म्हणाले, "तिला म्हटलं, नक्को परेशान होऊ. पण तिने बरोबर केलं का, मला खरंच कळत नाही ताई. एवढी वर्षं रात्रंदिवस बसली ना ती."

मुदतवाढीच्या अर्जावर आगाशे सरांनी मान वर न करता सही केली. सहा महिने मिळाले. त्रिवेणीने प्रबंध पुन्हा लिहायला घेतला. आलेख नव्याने काढले आणि जिथे यानाचं काही ऐकू आलं नव्हतं तिथला कागद कोरा सोडला. दरम्यान विभागप्रमुखाची जागा भरली गेली, दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. आगाशे सरांची बढतीही त्या वर्षी राहिली.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. खुली असते, म्हणून मी आणि निशिगंधा मागच्या रांगेत जाऊन बसलो. परीक्षक पुण्याहून आल्या होत्या, डॉ. चारुलता म्हणून. पांढरे केस, चष्मा कपाळावर. तीसेक मिनिटं त्यांनी तिला इतकं बारीक विचारलं की निशिगंधाने माझा दंड धरून ठेवला. मग त्यांनी प्रबंध मिटला.

"सहा घटनांवरचा निष्कर्ष तुम्ही मागे घेतलात. मग या प्रबंधात आहे काय?"

"दोन घटनांत आकडे सलग आहेत, मॅडम. दोन्हींत किरण दणक्याबरोबर कमी होतात, आधी नाही."

"दोनच घटना?"

"दोनच."

"आणि बाकीच्या चार?"

"तिथे काय झालं ते आम्हाला माहीत नाही."

"'माहीत नाही' हे या प्रबंधात किती ठिकाणी लिहिलंय तुम्ही?"

"मोजलं नाही, मॅडम."

"बऱ्याच ठिकाणी." ही तक्रार होती की शाबासकी, खोलीत कोणालाच कळलं नाही. बाई आगाशे सरांकडे वळल्या. "इतकी वर्षं तुम्ही हिचा प्रोग्राम उघडून बघितला नाहीत?"

सरांचा चेहरा लाल झाला. त्रिवेणीने मान खाली घातली. मला वाटलं, आता सर सगळं तिच्यावर ढकलणार.

"नाही," सर म्हणाले. "बघायला हवा होता. ती चूक माझी आहे."

आम्हाला बाहेर पाठवलं. व्हरांड्यात त्रिवेणी भिंतीला टेकून उभी होती, निशिगंधा तिला काहीतरी सांगत होती, ते तिच्या कानापर्यंत पोचत नसावं. दार उघडलं. थोड्या दुरुस्त्या सुचवून प्रबंध मान्य झाला होता. त्रिवेणी पायरीवर बसली, आणि निशिगंधा तिच्याशेजारी.

त्याच महिन्याच्या शेवटी पहिल्या यानावरचं वैश्विक किरण मोजणारं उपकरण बंद करण्यात आलं. यानाची वीज दरवर्षी कमी होत चालली आहे, काहीतरी बंद करावंच लागतं. मार्चमध्ये बातमी आली तेव्हा त्रिवेणी स्टाफरूममध्ये होती. तिने ती दोनदा वाचली, मला वाचून दाखवली, आणि वह्या तपासायला घेतल्या. दोन वह्यांनंतर तिने पेन ठेवलं. घरातलं कोणी गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. आगाशे सर. ते फोन करतील असं तिला वाटलं नव्हतं, माझ्याकडे बघतच तिने तो घेतला.

"वाचलंत?" सर म्हणाले. त्यांचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता.

"वाचलं, सर."

"दुसऱ्या यानावरचं अजून चालू आहे. पुढच्या वर्षी तेही बंद करायचं म्हणतात. तोवर जे येईल ते बघायला हवं." त्रिवेणीने समोरच्या वह्या बाजूला सारल्या. "या वेळी प्रोग्राम मीही वाचेन. सोमवारी येता का?"

"सोमवारी मुलांची प्रॅक्टिकल्स आहेत, सर," त्रिवेणी म्हणाली. "मंगळवारी येते."